न वाळलेली होडी

माझ्या भावाला गल्लीत सगळे 'काटा' म्हणत. तराजूचा काटा. आयुष्यभर औषधाच्या दुकानात कंपाउंडर होता आणि घरीही तसाच वागायचा. चहात साखर घालायची तर चमच्यावरची रास बोटाने सपाट करून घालायची. आमटीत मीठ जास्त झालं की वहिनी ऐकवायची, "तुम्हीच घाला हो उद्यापासून, वजन करून." असं म्हणायची खरी, पण म्हणताना तिचा तोरा लपत नसे. आपल्या नवऱ्याचा हात चुकत नाही, यावर तिचा सगळा संसार उभा होता.

मी त्याची धाकटी बहीण. माझी साठी जवळ आली तरी तो मला छोटीच म्हणतो. त्यांच्याच घराच्या वरच्या मजल्यावर मी राहते. लग्न केलं नाही, त्यामुळे दुसऱ्याच्या संसारात किती नाक खुपसायचं हे मला कुणी शिकवलेलं नाही. दुकानात गिऱ्हाइकाने काही शंका काढली की दादाचं एक ठरलेलं वाक्य असे, "मोजमाप माझ्यावर सोडा." लोक सोडतही. मीदेखील पोटदुखीपासून रक्तदाबापर्यंत सगळं त्याच्यावर सोडलं होतं.

मग ते बाळाचं प्रकरण झालं. आमच्याच गल्लीच्या टोकाला शिवणकाम करणारी एक बाई राहते. तिच्या तान्ह्या मुलीला आकडी यायची. डॉक्टरने नेहमीचं औषध लिहून दिलं, तिने ते दादाकडून नेलं, आणि त्याच रात्री पोरीचा श्वास अडकला. पोर वाचली, पण पुन्हा पहिल्यासारखी झाली नाही. आज ती दहा वर्षांची आहे आणि एक शब्द बोलत नाही. बाई म्हणाली, कंपाउंडरकाकांनी दोन ड्रॉपर सांगितले, मी दोन दिले. दादा म्हणाला, मी दोनच सांगितले. चौकशीला आलेल्यांनी डॉक्टरचा कागद पाहिला, त्यावर दोन मिली होतं. दुकानातल्या ड्रॉपरमध्ये एक मिली मावतं हे झाडूवाल्यालाही ठाऊक होतं. म्हणजे हिशेब बरोबर. बाटली दवाखान्याच्या धावपळीत कुठे गेली कुणी पाहिलं नाही. शेवटी असं ठरलं की रात्रभर जागलेल्या आईने झोपेच्या तारेत पुन्हा पुन्हा औषध पाजलं असणार.

वहिनी तेव्हा तिच्या दारात जाऊन चार लोकांसमोर बोलून आली, "स्वतःच्या चुकीचं खापर माझ्या नवऱ्याच्या डोक्यावर फोडू नकोस." मी तिथे नव्हते. असते तर तिला घरी ओढून आणलं असतं, असं मला आता वाटतं. पण आता वाटून काय उपयोग.

दुकानाच्या मालकाने दादाला दोषी धरलं नाही. फक्त म्हणाला, "लोक कुजबुजतात, थोडे दिवस घरी राहा." ते थोडे दिवस कधी संपलेच नाहीत. दादा घरी बसला. आधी वर्तमानपत्र पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचायचा, मग तेही सोडलं. एकदा मी खाली गेले तर तो स्वयंपाकघराच्या ओट्यावर औषधाचा छोटा पेला ठेवून त्यात पाणी ओतत होता. रेघेपर्यंत ओतायचं, डोळ्यांसमोर धरायचं, सांडायचं, पुन्हा ओतायचं. मला पाहून म्हणाला, "बरोबर येतंय." मी जिना चढून वर आले आणि बराच वेळ रडले. चौकशीने त्याला सोडलं होतं, पण त्याने स्वतःला सोडलं नव्हतं. रोज स्वतःची परीक्षा घेत होता.

त्याची मुलगी दूरच्या शहरात असते. तिलाच ही होडीची कल्पना सुचली. कुठून तरी तिने एक लांबलचक खोका पाठवला. त्यात लाकडाच्या पातळ फळ्या होत्या, कापून, भोकं पाडून तयार. तांब्याच्या तारेचं बंडल होतं, काचेच्या धाग्याचं पांढरं कापड होतं, आणि डिंकाचे दोन डबे, एक मोठा आणि एक लहान. दोन्ही डबे एकत्र मिसळले की रसायन दगडासारखं घट्ट होतं म्हणे. सोबत एक पुस्तिका. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, सगळं मोजूनमापून दिलंय. तुम्ही फक्त जोडायचं."

"ते मी बघतो," दादा म्हणाला.

गाडी विकल्यापासून गॅरेज रिकामं होतं. तिथे सुताराच्या दोन लाकडी घोड्यांवर फळ्या मांडल्या. मी जिन्याच्या पायरीवर बसून उंटावरून शेळ्या हाकायला सुरुवात केली. होडी वल्हवायला जाणार कोण, असं मी विचारलं, कारण आमच्या घराण्यात कुणालाच पोहता येत नाही आणि दादा तर आंघोळीच्या बादलीपलीकडे पाण्याच्या वाटेला जात नाही. गावाबाहेरच्या तलावाच्या कठड्यालाही तो कधी टेकला नव्हता. तो हसला नाही. त्याला होडी नकोच होती. आपला हात अजून शाबूत आहे की नाही, एवढंच त्याला स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. मला ते पहिल्याच दिवशी कळलं आणि भीती वाटली, कारण असल्या परीक्षेत माणूस नापास झाला तर पुन्हा बसायची सोय नसते.

सुरुवात मात्र फार छान झाली. लांबीसाठी फळ्या दोन-दोन तुकड्यांत होत्या, त्या आधी टोकाला टोक लावून चिकटवायच्या. डब्यावर लिहिलं होतं, मोठ्यातले दोन भाग, लहानातला एक. दादाने आपले औषधाचे पेले काढले. एका पेल्यात दोन रेघा, दुसऱ्यात एक. ओतताना श्वास रोखून धरला. दुसऱ्या दिवशी त्याने सांध्यावर बोटाच्या पेराने टकटक केलं आणि तोच आवाज ऐकत उभा राहिला. "छोटी, हे बघ," म्हणाला, "दगड झालाय." मग कितीतरी वर्षांनी मी त्याला शीळ घालताना ऐकलं. सूर धड नव्हता, पण वहिनी स्वयंपाकघरातून हात पुसत बाहेर आली आणि दारात उभी राहून ऐकत राहिली.

मग फळ्या एकमेकींना तांब्याच्या तारेने शिवल्या. भोकातून तार घालायची, दोन टोकं पकडीने पिळायची. सपाट फळ्या बघता बघता फुगून वर आल्या आणि खरोखरची होडी दिसायला लागली. मी म्हटलं, "टाके घातलेला पेशंट दिसतोय. शुद्धीवर कधी येणार?" दादा म्हणाला, "आता मलमपट्टी." म्हणजे ते काचेचं कापड. ते होडीवर पसरायचं आणि डिंकाने असं भिजवायचं की कापड दिसेनासं होतं. याला डिंक भरपूर लागणार होता, पेल्याने मोजत बसणं शक्य नव्हतं. त्यासाठी खोक्यातच दोन पंप होते, हातसाबणाच्या बाटलीला असतात तसे. एक मोठ्या डब्यावर बसवायचा, एक लहानावर.

वहिनी चष्मा लावून पुस्तिका वाचत होती. वाचून दाखवायचं काम तिचं. ती म्हणाली, "अहो, पंपासाठी इथे वेगळं पान आहे."

दादाने आधीच बाह्या सारल्या होत्या. "दोनास एक. डब्यावर लिहिलंय. सांधे कसे झालेत बघितलंस ना?"

"तरी पण वाचते ना. इथे लिहिलंय की प्रत्येक..."

"मोजमाप माझ्यावर सोड," दादा म्हणाला.

वहिनीने पुस्तिका मिटून खिडकीत ठेवली. तिने ती इतक्या विश्वासाने ठेवली की मीही पुढे काही बोलले नाही. मोठ्या डब्याचे दोन दाब, लहानाचा एक. दोन, एक. दोन, एक. मी ढवळत होते, मनगट भरून आलं तरी ढवळत होते. दादा डिंक ओतायचा आणि रबरी पट्टीने पसरवत न्यायचा. जिथे जिथे तो पोचला तिथे पांढरं कापड नाहीसं झालं आणि खालचं लाकूड मधासारखं उजळलं. तिघांनी मिळून आम्ही एखादं काम त्याआधी कधी केलं होतं, मला आठवत नाही. संपल्यावर वहिनीने चहा केला आणि आम्ही गॅरेजातच उभ्याने प्यायलो. दादा म्हणाला, "रविवारी तलावावर नेऊ. मालकांनाही बोलावतो." जुन्या मालकाचं नाव त्याने इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपणहून काढलं होतं. त्याच संध्याकाळी फोन करून बोलावलंदेखील.

दुसऱ्या दिवशी होडीला हात लावला तर चिकटला. गारठा आहे, दादा म्हणाला. तिसऱ्या दिवशी हीटर आणून लावला. त्यानंतर आणखी एक हीटर. गॅरेजात शिरलं की भट्टीत शिरल्यासारखं व्हायचं, पण होडी तशीच. माश्या येऊन बसल्या आणि तिथेच राहिल्या. माझ्या साडीचा पदर लागला तर एक धागा त्यात कायमचा गेला. दादा दर तासाला बोट लावून यायचा. प्रत्येक वेळी त्याच्या बोटाचा ठसा उमटायचा, आणि असे ठसे होडीभर झाले. मग तो चिडायला लागला. माल शिळा पाठवला, डबे बदलले गेले, हवा दमट आहे, हल्लीच्या कंपन्यांना लाज नाही. मी म्हटलं, "अरे, एकदा ते पान वाचून तर बघ." माझ्यावर असा खेकसला की मी दोन दिवस खाली उतरले नाही.

रविवारी मालक आला. बिचारा नटूनथटून आला होता. "वा, काय सुरेख," म्हणत त्याने होडीवर तळहात टेकवला. तो काढताना चर्र आवाज झाला. मालक रुमालाने हात पुसत राहिला, आणि रुमालही हाताला चिकटला. दादा त्या रुमालाकडे बघत होता. मालक गेल्यावर वहिनीने मालकाला चार शिव्या हासडल्या, पण त्यात जीव नव्हता.

तो गेला आणि दादा उठला. ओट्याखालच्या कप्प्यातून औषधाचे दोन पेले काढले आणि गॅरेजात गेला. मी मागोमाग गेले, कारण त्याचा चेहरा मला बघवत नव्हता आणि त्याला एकटं सोडवतही नव्हतं. त्याने एक पेला मोठ्या पंपाखाली धरला आणि एकदा दाबला. दुसरा लहान पंपाखाली धरला आणि एकदा दाबला. मग दोन्ही पेले शेजारी शेजारी खिडकीत, उजेडात ठेवले. मोठ्या पंपाच्या पेल्यात नेमकं दुप्पट होतं. एकाच दाबाला.

मलादेखील कळलं, आणि मला तर शाळेतही गणित कधी आलं नाही. पंप मुळातच मोजून बनवलेले होते. एकास एक दाबलं की आपोआप दोनास एक व्हायचं. दादाने मोजलेलं पुन्हा मोजलं होतं. घट्ट करणारा माल निम्मा पडला, आणि आता तो कधीच घट्ट होणार नव्हता, सूर्य आणून बसवला तरी. मी घाईघाईने म्हटलं, "होतं असं कधी कधी. खरवडून काढू. मी येते मदतीला." आणि खरंच तेव्हा मला वाटलं, दुःख ते एवढंच.

दादा खाली, जमिनीवर बसला. नजर दोन पेल्यांवर होती. मग म्हणाला, "छोटी, त्या बाटलीचा ड्रॉपर लांब होता."

"कुठल्या बाटलीचा?"

"बाळाच्या. त्या वेळी नवीन माल आला होता. खोकं वेगळं, ड्रॉपर लांब. मला दिसला होता. हातात घेतला होता मी तो. मनात आलंसुद्धा, हा लांब आहे." त्याचा आवाज अगदी शांत होता, दुकानात बोलायचा तसा. "दोन मिलीचा होता तो. एकदा भरला की झालं. मी दोन सांगितले."

मी म्हटलं, "तुला काय माहीत? इतकी वर्षं झाली. उगाच काहीतरी..." पण मी वाक्य पुरं केलं नाही. मला माझ्या भावाची आठवण ठाऊक आहे. त्याला तीस वर्षांपूर्वीच्या गोळ्यांचे रंग आठवतात. इतकी वर्षं लांब ड्रॉपर त्याच्या डोक्यात कुठेतरी पडून असणार, आणि त्याने तिकडे पाहिलं नव्हतं, कारण कागद आणि त्याचा शब्द दोन्ही जुळत होते. सगळे तेवढंच बघत बसले होते. ड्रॉपर कुणी मागितलाच नाही.

वहिनीला त्यानेच सांगितलं. ती पोळपाट धूत होती. ऐकून तिने नळ बंद केला नाही. पाणी वाहत राहिलं. मग म्हणाली, "झाकली मूठ आहे. झाकलेलीच राहू दे."

"राहणार नाही आता," दादा म्हणाला.

"मी तिच्या दारात जाऊन काय काय बोलून आलेय, ठाऊक आहे ना तुम्हाला? तिला नाही नाही ते बोलले. तुमच्यासाठी बोलले. आता तुम्ही जाऊन सांगणार, की माझी बायको उगाच भुंकली?" आणि मग ती ओट्याला टेकून रडायला लागली. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला. माझ्यावर तिचा राग नव्हता, पण कुणावर काढायचा हे तिला कळत नव्हतं. "वन्सं, तुम्ही तरी अडवा त्यांना," म्हणाली. मी नाही अडवलं. मला त्याच्यापेक्षा त्या बाईची दया येत होती, आणि हे मी वहिनीला सांगू शकले नाही.

शिवणवाली बाई गल्लीत चेष्टेचा विषय आहे. काम सुबक करते, पण वेळ फार लावते. कापड टेबलावर पसरते, टेपने मोजते, खडूने खूण करते, पुसते, पुन्हा मोजते, बाजूला ठेवून पुन्हा घेते आणि मोजते. "हिच्याकडे कपडा टाकला तर पोरगी सासरी जाईपर्यंत मिळत नाही," असं बायका म्हणतात. मीही म्हटलंय. दादा आणि मी गेलो तेव्हा ती तसंच एक निळं कापड मोजत होती. कोपऱ्यातल्या खुर्चीत तिची मुलगी बसली होती, मांडीवर बटणांचा डबा घेऊन. बटणं एकेक करून काढत होती आणि परत टाकत होती.

दादाला बघून ती उठली. "या, काका," म्हणाली. इतक्या वर्षांत तिने त्याला कधी टाळलं नव्हतं, टाळायचा तोच.

तो बसला नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. नवीन माल, लांब ड्रॉपर, दोन मिली. काही लपवलं नाही, काही मऊ केलं नाही. "तू दोनच दिलेस," म्हणाला. "तू बरोबर मोजलंस. चुकलो मी."

ती टेप हातात धरून ऐकत होती. मग म्हणाली, "मी तुम्हाला विचारलं होतं, काका. एवढ्याशा जिवाला हे जास्त नाही का होणार, म्हणून. तुम्ही म्हणालात, मोजमाप माझ्यावर सोड."

दादाला ते आठवत नव्हतं. त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. पण ती खोटं बोलत नाही हे त्यालाही कळलं आणि मलाही, कारण तेच वाक्य आठवड्याभरापूर्वीच आम्ही आमच्या गॅरेजात ऐकलं होतं.

"तुम्हाला हे कधी कळलं?"

"रविवारी."

तिने मान हलवली. मला वाटलं, आता ओरडेल, आणि ओरडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "सगळे म्हणाले, मीच झोपेत परत परत पाजलं. आधी मी म्हणत होते, नाही, दोनच. नवरा म्हणाला, आठव नीट. सासू म्हणाली, आठव. मग मला तसं आठवायलाच लागलं, काका. अंधारात उठले, बाटली घेतली, पुन्हा पाजलं. सगळं दिसायचं मला. अजून दिसतं." ती मुलीकडे बघत होती. "त्यांना दुसरं मूल हवं होतं. मी होऊ दिलं नाही. मला माझ्या हातांची भीती वाटायची. मग ते सोडून गेले. बरोबरच होतं त्यांचं, त्यांनी तरी किती थांबायचं."

दादाने हात जोडले. ती म्हणाली, "नका, काका," आणि तो हात खाली घेईपर्यंत दुसरीकडे बघत राहिली.

डब्यात बटण पडल्याचा आवाज तेवढा येत होता. बाईने टेबलावरचं निळं कापड सारखं केलं, टेप लावली, खडूने खूण केली. मग कात्री उचलली. एकदाच मोजून कात्री उचलताना मी तिला पहिल्यांदाच बघत होते. कात्रीचं तोंड उघडून कापडाच्या कडेला टेकलं, आणि तिथेच राहिलं. तिने जोर करून पाहिला. बोटं पांढरी पडली. मग तिने कात्री खाली ठेवली, खूण पुसली आणि पुन्हा टेप हातात घेतली.

आम्ही दारातून बाहेर पडेपर्यंत ती मोजत होती.